खिळ्यांचा खण, ३४ किल्ल्या आणि वाया घालवलेलं एक पत्र

अडगळ

मंडळी, प्रश्न मोजकेच आहेत, पाल्हाळ मात्र भरपूर. घाईत असाल तर थेट शेवटचा परिच्छेद वाचा.

दीड महिन्यापूर्वी जुन्या बाजारात छापखान्यातला एक लाकडी खण मिळाला. विकणारा त्याला दागिन्यांचा ट्रे म्हणत होता, मीही वाद घातला नाही. उथळ आहे आणि आत लहानमोठे कप्पे. घरी येऊन मोजले तर ८९ भरले. कोपऱ्यातल्या कप्प्यांच्या तळाशी शिशाचे अकरा खिळे (छपाईचे टाइप) अडकून बसले होते, बहुतेकांच्या टोकाला अक्षर असलेलं. अंगावर पांढरी पूड धरलेली. नखाने उकरून पहिला खिळा बाहेर काढला तेव्हा मला जो आनंद झाला तो घरात कुणालाच समजावता आला नाही. त्यांच्या मते मी पैसे देऊन दुसऱ्यांची अडगळ घरात आणते. या फोरमवरचा माझा 'अडगळ' हा आयडी त्यावरूनच घेतला आहे.

त्याच दिवशी पलीकडच्या पथारीवर एक पत्र्याचा डबा दिसला. आत ३४ किल्ल्या आणि कुलूप एकही नाही. (लोकांच्या किल्ल्या हरवतात, यांची कुलपंच हरवली!) शिवाय बंद पडलेलं एक मनगटी घड्याळ, पावडरच्या डबीतून निखळलेला गोल आरसा आणि सुतळीने बांधलेली सात पत्रं. डबा उचलला तो पत्रांसाठीच, हे कबूल करते.

या खणाची भिंतीवर टांगायची पेटी करायची आहे. आजवर मी डेकूपाज (कागद चिकटवून वरून वार्निश) केलं, बाटल्या रंगवल्या, एका खुर्चीला तीन वेळा रंग दिला. म्हणजे जे जुनं हाती लागलं ते झाकून टाकलं. या वेळी काही झाकायचं नाही असं ठरवलं आणि तिथेच गाडी अडली, कारण झाकण्यापलीकडे मला काही येतच नाही.

मागच्या रविवारी त्याचा पुरावाही मिळाला. सातांतलं पहिलं पत्र एका पातळ फळीवर चिकटवलं. छान बसलं, एक फुगा नाही. वाळल्यावर वरून पाण्यातलं वार्निश लावायला घेतलं. पहिली ओळ अशी होती : 'पत्र मिळालं. उत्तर द्यायला उशीर झाला.' ब्रश 'उत्तर'वरून पुढे सरकला आणि निळी शाई त्याच्याबरोबर चालायला लागली. मी थांबायला हवं होतं. न थांबता टिपकागद दाबला, त्यामुळे 'उशीर' टिपकागदावर आला आणि पत्रावर निळं तळं राहिलं. कुणी कुणाला लिहिलं होतं ते मला माहीत नाही, माझा काही संबंध नाही, तरी त्या रात्री झोप नीट लागली नाही. चिकटवण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता, तेवढं एकच शहाणपण.

तर विचारायचं ते असं. उरलेली सहा पत्रं वापरू का, आणि कशी? खणावर काळपट चिकट थर आहे, तो काचपेपरने घासू का? किल्ल्यांचा गंज काढू की राहू देऊ? आणि घड्याळ उघडून आतली चक्रं काढायची आहेत, तर ते कशाने उघडतात? आकड्यांवर पिवळट तपकिरी रंगाचा जाडसर थर आहे. तो खरवडून निघेल ना?

उंटावरून शेळ्या

बाकीचं नंतर. घड्याळ आहे तिथे ठेवा. उघडू नका, खरवडू तर मुळीच नका.

आकड्यांवर आणि काट्यांवर जाडसर पिवळट तपकिरी रंग म्हणजे तो रेडियमचा, खऱ्या किरणोत्सर्गी रेडियमचा, असण्याची शक्यता आहे. अंधारात चमकणारी घड्याळं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून साधारण १९६० च्या दशकापर्यंत रेडियमच्या रंगाने रंगवत. आता चमकत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. चमकायचं ते त्यातलं झिंक सल्फाइड, आणि ते काही वर्षांतच थकतं. रेडियम थकत नाही, त्याचं अर्धआयुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे १६०० वर्षांचं आहे. काच शाबूत असलेलं बंद घड्याळ कपाटात पडून राहणं वेगळं आणि तो रंग खरवडून त्याची धूळ नाकातोंडात जाणं वेगळं. १९२० च्या दशकात हीच डायलं रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी निमुळतं करत. त्यांच्या जबड्याच्या हाडांची काय अवस्था झाली ते शोधून वाचा, मी इथे लिहीत नाही.

बंद होणाऱ्या पिशवीत घाला, वर चिठ्ठी लावा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. तपासून घ्यायचं असेल तर गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) असलेलं कुणी गाठा, आणि टाकायचं असेल तर तुमच्याकडचे नियम विचारून टाका. कचऱ्याच्या डब्यात नको. चक्रं हवी असतील तर चमकता रंग नसलेलं दुसरं घड्याळ बघा, जुन्या बाजारात त्यांना तोटा नाही.

अडगळ

बापरे. मी काल ते कानाला लावून हलवून बघितलं होतं. पिशवीत घातलं.

शाईचा डाग

हलवल्याने काही होत नाही, घाबरू नका ताई.

खणाबद्दल मी सांगतो. ऐन पोरवयात पाच वर्षं छापखान्यात जुळारी (खिळे जुळवून मजकूर लावणारा) होतो, त्यामुळे ८९ हा आकडा वाचल्याबरोबर बोटं हलली. याला कॅलिफोर्निया केस म्हणतात, केस म्हणजे खिळ्यांचा खण. इंग्रजीची आहे. उजवीकडच्या तिसऱ्या हिश्श्यात सगळे सारखे कप्पे दिसतील, तिथे मोठी लिपी. डावीकडे आणि मध्ये छोटी लिपी, आणि तिथले कप्पे मात्र लहानमोठे, कारण जे अक्षर जास्त लागतं त्याचा कप्पा मोठा. सगळ्यांत ऐसपैस कप्पा दिसतोय ना, तो 'ई'चा. त्याआधी दोन वेगळ्या केस एकीवर एक ठेवत, वरच्या केसमध्ये मोठी लिपी आणि खालच्या केसमध्ये छोटी. अप्पर केस आणि लोअर केस हे शब्द त्यातून आले. आपल्या देवनागरीचं मात्र ८९ कप्प्यांत भागत नाही. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं आणि अर्धी अक्षरं धरली की जुळाऱ्याभोवती केसींचा वेढाच पडायचा.

खिळे वरून बघा, अक्षर उलटं दिसेल. आम्ही स्टिकमध्ये (खिळे ओळीने लावायची हातातली पट्टी) जुळणी करायचो ती उलटी अक्षरं वाचत, तीही डोक्यावर उभी. महिनाभरात सवय होते. नंतर सरळ छापलेलं वाचायलाच जड जातं, असं आमचे फोरमन म्हणायचे. खिळ्याच्या बाजूला एक खाच असते ती चाचपून बघा. अंधारातही तिच्यावरून कळायचं की खिळा कुठल्या तोंडाने बसवायचा.

आता ती पांढरी पूड. खिळा म्हणजे शिसं, त्यात कडकपणासाठी अँटिमनी आणि ओतताना साच्यात नीट भरावा म्हणून थोडं कथील. शिशाला आम्लाची वाफ सोसत नाही. लाकडातून, विशेषतः ओकसारख्या लाकडातून, ती अगदी बारीक प्रमाणात निघत राहते, आणि बंद जागेत शिसं पांढरं पडतं. ती पूड विषारी आहे. फुंकर मारू नका, नखाने उकरू नका (उकरलंच आहे तुम्ही, असो), हातमोजे घाला, ओल्या फडक्याने टिपा आणि फडकं टाकून द्या. मग हात साबणाने धुवा. पेटीत ठेवणार असाल तर पेटीला पुढून काच लावून हवाबंद करू नका. उघडी असू दे.

आणि त्यातला एखादा खिळा शाईच्या पॅडवर दाबून कागदावर उठवून बघा. एकदाच. माझ्यासाठी.

सुतारपक्षी

खणाला काचपेपर लावाल तर पुन्हा माझ्याशी बोलू नका.

गंमत करतोय, पण फार नाही. तो काळपट थर म्हणजे शाई, तेल, मेण आणि माणसांचे हात. खालचं पॉलिश काय आहे ते आधी ओळखा. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन अर्धा मिनिट धरा. चिकट होऊन बोळ्याला रंग लागला तर लाखेचं पॉलिश आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे आता स्पिरिटची बाटली दूर ठेवायची आणि टर्पेंटाईनने काम करायचं. त्याने मळ आणि मेण निघतं, लाख तशीच राहते. फडकं सारखं बदला, खिडक्या उघड्या ठेवा, आणि वापरलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा. कप्प्यांत फडकं पोचणार नाही, तिथे जुना टूथब्रश. शेवटी मेणाचा एक हात. बस. रंग नको, वार्निश नको.

कुठे टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत का? भोकाखाली ताजा फिकट भुसा पडत असेल तर भुंगा अजून आत आहे. भोकं जुनी आणि काळी असतील तर तो केव्हाच जेवून गेला. शंका असेल तर खण काळ्या कागदावर आठवडाभर ठेवा, भुसा पडला की दिसतो. जिवंत असेल तर खण प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. घरच्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

चिटोरी

अगं अडगळ, पत्राचं वाचून पोटात कालवलं. माझंही असंच एक गेलंय.

फाउंटन पेनच्या बहुतेक निळ्या शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या असतात. पाण्यातलं वार्निश, पांढरा डिंक, खळ, जे काही ओलं ते लावलं की त्या चालू लागणारच. बोळ्याच्या टोकावर एक थेंब पाणी घेऊन पत्रातल्या एखाद्या स्वल्पविरामावर आधी टेकवून बघायचं. मी स्वल्पविराम बळी देते, शब्द देत नाही. आणि जुनी तपकिरी काळी शाई असेल तर ती लोखंड आणि मायफळाची असू शकते. ती पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण वर्षानुवर्षं कागद खाते, अक्षरांच्या जागी जाळी पडते. अशा पत्राला तर हातही कमी लावावा.

माझा नियम सरळ आहे. मूळ कागद पेटीत जात नाही, नक्कल जाते. जोसेफ कॉर्नेल या अमेरिकन कलाकाराचं नाव ऐकलं असशील, तुला ऐकायला हवंच, कारण तू जे करायला निघाली आहेस त्यातच त्याने आयुष्य घालवलं. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या आणि जुनापुराण्या वस्तूंच्या दुकानांतून गोळा केलेलं सामान काचेच्या पेट्यांत मांडायचा. तोही पेट्यांत जुन्या चित्रांच्या फोटोस्टॅट प्रती लावायचा. त्याच्या पेट्यांतली जादू त्याने काही कमी झाली नाही.

आता नक्कल फळीवर कशी उतरवायची ते. पत्र स्कॅन कर आणि लेझर प्रिंट काढ. इंकजेट नको, त्याची शाई पुन्हा तशीच चालेल. लेझरचं टोनर म्हणजे प्लास्टिकची भुकटी, ती पाण्याने हलत नाही. फळीवर ॲक्रिलिक जेल मीडियमचा (वाळल्यावर पारदर्शक होणारी जाड पेस्ट) सारखा थर द्यायचा, प्रिंटची छापलेली बाजू खाली करून त्यावर दाबायची आणि जुन्या कार्डाने मधून कडेकडे हवा काढायची. रात्रभर वाळू दे. रात्रभर म्हणजे रात्रभर, दोन तासांनी उचकटून बघायचं नाही. सकाळी वरून पाणी शिंपडायचं, मिनिटभर थांबायचं आणि बोटाच्या पोटाने गोल गोल चोळायचं. कागदाच्या बारीक वळ्या निघायला लागतात, खोडरबराच्या असतात तशा, आणि खाली अक्षरं उघडी पडतात. पहिल्यांदा सगळं स्वच्छ दिसतं आणि वाळलं की पुन्हा पांढुरकं होतं, कारण कागदाचे धागे राहिलेले असतात. पुन्हा ओलं करून चोळायचं. माझ्या हाताने तीन फेऱ्या होतात. जोर केलास तर अक्षरच निघून येतं. लाकडाचे रेषे अक्षरांमधून दिसतात ते इतकं सुंदर दिसतं की मूळ कागदाची आठवण येत नाही.

एक सांगायचं राहिलं : प्रिंट आरशातल्यासारखी उलटी काढायची, नाहीतर उतरल्यावर मजकूर उलटा येतो.

उंटावरून शेळ्या

पत्रांबद्दल माझं मत कुणाला आवडणार नाही. नक्कल असो की मूळ, ती कुणाची तरी खासगी पत्रं आहेत. पाठवणारी व्यक्ती अजून असू शकते. भिंतीवर लावून आल्यागेल्याला वाचायला देणं मला पटत नाही.

चिटोरी

पटलं तरी पूर्ण पटलं नाही. ती सुतळीसकट रद्दीत जाणार होती. नावं, पत्ते, आजारपण, भांडणं घेऊ नये, एवढं मी पाळते. एखादी ओळ घेते, जी कुणाचीही असू शकेल.

रंगारीण

कापडावर काम करते, म्हणून फक्त किल्ल्यांबद्दल बोलते. गंज काढू नका. गंज म्हणजे फुकटचा रंग आहे, त्याने छापा.

आधी चुंबक फिरवा. चिकटत नाहीत त्या बहुधा पितळेच्या, त्या बाजूला. चिकटणाऱ्यांतही ज्यांच्यावर चकचकीत मुलामा शाबूत आहे त्या गंज देणार नाहीत. उरतील त्या तुमच्या. जुनं सुती कापड घ्या, कृत्रिम धाग्याचं चालत नाही. नवं असेल तर आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढा. व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून कापड भिजवा आणि पिळा, टपकायला नको. किल्ल्या मांडा, कापड घट्ट गुंडाळा, दोऱ्याने करकचून बांधा, वरून प्लास्टिकची पिशवी. जिथे लोखंड कापडाला घट्ट टेकेल तिथे ठसा, जिथे पोकळी राहील तिथे नुसता धूर. एक ते दोन दिवस. सुटलं नाही ना एवढं बघायचं, उघडायचं नाही. उघडल्यावर लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा म्हणजे आम्ल मरतं. मग भरपूर धुवा.

काळा हवा असेल तर कापड आधी चहाच्या कडक पाण्यात मुरवून वाळवा. चहातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की करडा ते काळा रंग येतो. शाई बनवायची जुनी रीत तीच, वर चिटोरीने म्हटलं आहे ते मायफळ म्हणजे टॅनिनच. आणि जे तिथे खरं ते इथेही : लोखंड कापडालाही हळूहळू कमजोर करतं. आजीच्या हातचं नक्षीकाम असलेलं कापड यात घालू नका. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी घेऊ नका.

अडगळ

मंडळी, तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला कामाला लावलंत.

आधी खण. स्पिरिटच्या बोळ्याला नारिंगी रंग लागला, म्हणजे लाखच. टर्पेंटाईनने चार संध्याकाळी गेल्या. पहिल्या दिवशी फडकी काळी, चौथ्या दिवशी चहाच्या रंगाची. एका कप्प्याच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेली बेरीज निघाली, हिशेब चुकलेला. ती तशीच ठेवली आहे. सुतारपक्षी, काचपेपर लावला असता तर ती बेरीज गेली असती, तेव्हा तुमच्याशी बोलणं चालू ठेवावं म्हणते. भोकं जुनी आहेत. काळ्या कागदावर आठ दिवसांत काही पडलं नाही, त्यामुळे फ्रीजरवरून होणारं भांडण टळलं.

किल्ल्यांचं पहिलं गाठोडं फसलं. मी ३४ च्या ३४ एकदम गुंडाळल्या, चुंबक फिरवायचा कंटाळा केला. दोन दिवसांनी उघडलं तर मध्यभागी एक मोठा तपकिरी डाग, कडेला पितळेच्या किल्ल्यांचे निळसर हिरवे ओघळ, आणि किल्लीचा आकार एकही नाही. रंगारीणताई, तुम्ही 'घट्ट' म्हणाला होतात, मी गाठोडं बांधलं होतं प्रवासाला निघाल्यासारखं. दुसऱ्यांदा नऊच निवडल्या, मोठ्या, दात असलेल्या. कापड एका जाड लाटण्याएवढ्या पाइपवर गुंडाळलं, थर देत देत, आणि दोरा इतका ओढला की बोटाला वळ उठला. या वेळी मात्र उघडताना मी ओरडले. एका किल्लीचे दात, कडी, तिच्यावर कोरलेला आकडासुद्धा. आणि जिथून दोरा गेला होता तिथे पांढऱ्या रेघा, पावसासारख्या. त्या मी केल्या नव्हत्या, आपोआप आल्या. आता ते कापड खणाच्या मागच्या फळीला लावणार आहे, कप्प्यांच्या पाठीतून दिसेल असं. खिळ्यांपासून लांबच्या बाजूला, आणि सोड्यात दोनदा बुडवून.

डागकाका, खिळा उठवला. अकरांतले सात अक्षरांचे निघाले, चार नुसतेच कोरे. ते शब्दांमधल्या जागेसाठी असतात हे नंतर वाचलं. मला ते कोरेच जास्त आवडले.

आता पत्र. उंटावरून शेळ्या, तुमचं वाचून दोन दिवस काही केलं नाही. मग सहाही पत्रं पुन्हा सुतळीत बांधली, डब्यात ठेवली. ती पेटीत जाणार नाहीत. वाया घालवलेल्या पत्राचा फोटो होता, त्यातली एकच ओळ घेतली : 'पत्र मिळालं. उत्तर द्यायला उशीर झाला.' नाव नाही, गाव नाही. अशी ओळ मी स्वतः कितीदा लिहिली असेल.

लेझर प्रिंट काढली, जेल लावलं, कार्डाने हवा काढली, रात्रभर ठेवलं, सकाळी साडेसहाला उठून चोळायला बसले. वळ्या निघाल्या, अक्षरं दिसली. आणि मला वाचता येईना. पाच मिनिटं वाटलं झोप उतरली नसेल. चिटोरीचं शेवटचं वाक्य मी वाचलं होतं, प्रिंटच्या दुकानात विसरले.

फळी टाकून देणार होते. पण डागकाकांचं 'अक्षर उलटं दिसेल' डोक्यात होतं. मग त्या डब्यातला गोल आरसा आठवला. 'ई'च्या कप्प्यात डाव्या भिंतीला ती फळी उभी केली आणि उजव्या भिंतीला, जरा तिरका, आरसा धरला. समोरून बघितलं तर नुसत्या उलट्या रेघोट्या. एक पाऊल डावीकडे सरकलं की आरशात ओळ सरळ. वाचायचं असेल त्याने सरकायचं. घरच्यांपैकी एकाने येऊन बघितलं, सरकून वाचलं आणि 'कुणाला लिहिलंय?' असं विचारलं. अडगळ म्हणाले नाहीत, एवढं नोंदवते.

८९ पैकी १७ कप्पे भरलेत. घाई नाही.

एकच शेवटचा प्रश्न. आरसा कशाने चिकटवायचा?

शाईचा डाग

उलटं आलं म्हणून फळी टाकणार होतात! अहो, छापखान्यात सगळं उलटंच असायचं, सरळ असायचा तो फक्त कागद. 'ई'चाच कप्पा निवडलात, छान केलंत. आमचा हात दिवसभर तिथेच असायचा.

सुतारपक्षी

आरशाला न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घ्या, नळीवर तसं लिहिलेलं असतं. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते अजिबात नको. ते सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं, आरशाच्या पाठीचा थर खातं आणि महिन्याभरात पुढून काळे डाग दिसायला लागतात. शिवाय तुमच्या त्याच खणात शिशाचे खिळे आहेत. वर डागांनी काय सांगितलंय ते आठवा.

अडगळ

उत्तर वाचायला उशीर झाला. काल रात्री लावला आणि सकाळपासून खोलीत व्हिनेगरचा वास कुठून येतोय ते शोधत होते. पातळ तार घेऊन बसलेय, अजून पुरतं सुकलेलं नाही, सुटेल असं वाटतंय.